वर्षभराचा मुक्काम : रोटरी यूथ एक्सचेंज, वनराई बंधारा आणि आमचा 'ब्राझील'

निराकाठ

फलटणहून लिहितेय. मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिला रोटरीच्या (सेवाकार्य करणाऱ्या क्लबांची जागतिक संघटना) यूथ एक्सचेंजमधून, म्हणजे तिकडच्या कुटुंबात राहून तिकडच्या शाळेत जायच्या योजनेतून, वर्षभर परदेशी जायचंय. अर्ज दिवाळीच्या आगेमागे द्यावा लागेल, निघायचं पुढच्या ऑगस्टमध्ये. घरात दोन पक्ष पडलेत. यांचं म्हणणं, वर्ष कशाला घालवायचं, तीन आठवड्यांचा छोटा एक्सचेंज असतो तो करू दे. मी वर्षाच्या बाजूने आहे. का, ते खाली सांगते. ज्यांची मुलं जाऊन आलीत किंवा ज्यांनी परदेशी मुलं घरी ठेवून घेतलीत त्यांनी मोकळेपणी लिहा. विरोधात असलं तरी लिहा.

तीन वर्षांपूर्वी ब्राझीलचा १७ वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहायला होता. वर्षभरात या मुलांना साधारण तीन घरं बदलावी लागतात. आमचं घर पहिलं, ऑगस्ट ते डिसेंबर. आम्ही रोटरीचे सभासद नव्हतो, आजही नाही. क्लबाने विचारलं, घरी येऊन खोली बघितली, आमच्या सगळ्यांशी वेगवेगळं बोलले, पोलीस पडताळणी झाली, मग पोरगं आलं. घरच्यांना याचे पैसे मिळत नाहीत आणि मिळू नयेत असं मला वाटतं.

पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले. तो जेवायचा नाही, आम्हाला बोलता यायचं नाही. सासूबाईंना त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्या सरळ 'ए ब्राझील' अशी हाक मारायच्या. कोंडी फुटली ती चावीवरून. मी मुलीला म्हटलं, 'कपाटाची चावी दे', आणि हा एकदम ताठ बसला. त्यांच्या पोर्तुगीजमध्येही किल्लीला चावीच म्हणतात, फक्त ब्राझीलकडे ते 'शावी' असं बोलतात. मग त्या संध्याकाळी घरभर शब्द शोधणं चाललं. बटाटा, पाव, काजू, बादली, पगार. आपण चारशे वर्षं वापरतोय ते शब्द त्याच्या ओळखीचे निघाले. सासूबाई स्वयंपाकघरातून एकेक वस्तू आणून त्याच्या पुढ्यात ठेवत होत्या.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली तेव्हा तर तो हरखलाच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा त्यांच्याकडचा. त्यांच्याकडे त्याच्या पिठाचे चीज घालून भाजलेले गोळे करतात, घावनासारखा 'तापिओका' करतात. आपला उपासाचा पदार्थ त्याच्या आजीच्या घरचा. त्या दिवसापासून तो जेवायला लागला.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात क्लबाने शेजारच्या गावात ओढ्यावर वनराई बंधारा घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाळा सरला की ओढ्याची धार बारीक होते, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, दाभणाने तोंडं शिवायची, विटांसारखी सांधा चुकवून रचायची आणि दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती चोपायची. गवंडी लागत नाही. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरी थोड्या वर येतात, ज्वारी-हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं. पुढच्या पावसात तो वाहून जातो, परत घालावा लागतो. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव पडलं.

सकाळी बरीच माणसं आली होती. फोटो झाले, नाश्ता झाला, दहा वाजेपर्यंत निम्मी परतली. हा मात्र गावातल्या चार शेतकऱ्यांबरोबर अंधार पडेपर्यंत पोती वाहत होता. पुढच्या रविवारी स्वतःहून म्हणाला, 'आई, पाणी बघायला.' क्रियापद नव्हतं, पण कळलं. नंतर दुसऱ्या घरी गेल्यावरही सायकल घेऊन जायचा. ऑगस्टात त्याने तो ओढा भरून वाहताना पाहिला होता, नोव्हेंबरात अडवला, फेब्रुवारीत पाणी उतरताना पाहिलं आणि एप्रिलमध्ये कोरड्या पात्रातून चालला. टँकर आला तेव्हा रांगेत हंडे पुढे सरकवत होता.

जुलैमध्ये निघायच्या आधी माउलींची पालखी फलटणला मुक्कामी होती. वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून द्यायच्या, फोड बांधायच्या सेवेत तो दोन दिवस बसला. कराडकडच्या एका आजींनी विचारलं, 'कुठला रं तू?' तर हा म्हणाला, 'फलटणचा.' मी तिथेच होते.

तीन आठवड्यांत हे झालं असतं का? माझ्या मते पहिले तीन आठवडे तर नुसते रडण्यात आणि पोट बिघडण्यात जातात. म्हणून माझा आग्रह वर्षाचा. बोला.

दगडफूल

ताई, फार जिव्हाळ्याने लिहिलंय. तरी छोट्या एक्सचेंजची बाजू मांडतो.

माझा मुलगा अकरावीनंतरच्या सुट्टीत फ्रान्सला तीन आठवडे गेला. त्याला पुढे जेईई द्यायची होती, वर्ष सोडणं शक्यच नव्हतं. यात कुटुंबाला कुटुंब जोडून देतात: आधी आपला मुलगा तिकडे राहतो, मग त्यांचा मुलगा आपल्याकडे. आपल्याकडून बहुतेक मुलं याच प्रकारात जातात, कारण अकरावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षा. खर्च विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि हातखर्च एवढाच.

तुमचं खरं आहे की तीन आठवड्यांत भाषा येत नाही. पण तो फ्रेंच मुलगा डिसेंबरात नाशिकला आमच्याकडे आला, माझ्या आईबरोबर गोदाघाटावर गेला, आणि आज चार वर्षं झाली तरी दोघांचं बोलणं चालू आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे आईवडील येतायत. मुक्काम लहान होता, नातं लांबलं. ज्याला वर्ष देणं जमत नाही त्याने हे दार बंद समजू नये, एवढंच.

राइनकाठ

मी स्वतः वर्षभर जाऊन आलेली आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. दहावीनंतर जर्मनीला गेले होते. आता नोकरीमुळे पुन्हा इथेच, कोलोनजवळ राहते.

रोटरीच्या एक्सचेंजची मुळं युरोपातच आहेत. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या क्लबाने मुलांची देवाणघेवाण सुरू केली, त्यातून हे वाढत गेलं. हे मला जर्मनीतल्या माझ्या दुसऱ्या घरच्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी युद्ध पाहिलं होतं. परक्या देशाचं पोर आपल्या टेबलावर जेवतंय याचं त्यांना किती अप्रूप होतं ते मला १६व्या वर्षी कळलं नाही, आता कळतं.

पहिल्या रात्री घरच्यांबरोबर बसून एक प्रश्नांची यादी वाचायची असते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आंघोळ कधी करायची? कपडे कुठे धुवायचे? फ्रीजमधलं विचारल्याशिवाय घेतलं तर चालेल का? वाचताना पोरकट वाटलं. पण माझे पहिल्या महिन्यातले सगळे प्रसंग त्या यादीतल्या प्रश्नांवरूनच उद्भवले, कारण मी लाजून अर्धी यादी गाळली होती. निराकाठताई, मुलीला सांगा, एकही प्रश्न गाळू नकोस.

जेवण. तिकडे बऱ्याच घरांत रात्री स्वयंपाक करत नाहीत. ब्रेड, चीज, काकडी, लोणी. याला 'आबेंडब्रोट' म्हणजे संध्याकाळचा पाव म्हणतात. मला वाटायचं, मी शाकाहारी म्हणून मला असं थंड वाढतायत. दोन आठवडे मनात धरून बसले. शेवटी विचारलं तेव्हा त्या बाई चकित झाल्या, त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या तसंच आहे. न विचारता मनात धरणं हा आपला मोठा दोष, तो तिकडे गळून पडला.

शाळेत १ ते ६ असे गुण, आणि १ म्हणजे उत्तम. मला गणितात २ मिळाले म्हणून कळवलं तर घरी बाबा रात्रभर झोपले नाहीत.

नोव्हेंबर सगळ्यात वाईट. चार-साडेचारला अंधार, भाषा अजून घशातच, घरी दिवाळी. मी परतीचं तिकीट मागितलं होतं. क्लबाने मला एक समुपदेशक नेमून दिल्या होत्या, हा नियमच असतो, आणि ती व्यक्ती आपण राहतो त्या घरातली नसते. त्या आल्या, मला उपदेश केला नाही, नुसतं दोन तास फिरायला नेलं. ६ डिसेंबरला निकोलसच्या सकाळी दाराबाहेर माझ्याही बुटात संत्री आणि अक्रोड ठेवलेले होते. घरच्या मुलांइतकेच. तिथून मी राहिले. जानेवारीत एके सकाळी जागी झाले तर स्वप्न जर्मनमधून पडलं होतं.

आणि नियमांबद्दल. चार 'डी' पाठ करून घेतात: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, ड्रग्ज, डेटिंग. चारही बंद. मोडले तर परत पाठवतात. एक्सचेंजची मुलं घालतात त्या कोटाला म्हणजे ब्लेझरला लावलेले देशोदेशीचे बिल्ले सगळे कौतुकाने बघतात, पण आईवडिलांनी खरं बघायचं ते समुपदेशक कोण आहे आणि घराची पाहणी झाली आहे का, हे.

माणदेशी

धागा वाचला. चांगली माणसं चांगलं काम करतात याबद्दल शंका नाही. पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी.

आमच्या माण तालुक्यातल्या गावात एका सेवाभावी संस्थेने पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. नाव घेत नाही. मोठा कार्यक्रम, संगमरवरी पाटी, हारतुरे. आठ महिन्यांत आतला फिल्टर खराब झाला. नवा कुठून आणायचा, पैसे कोण भरणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ग्रामपंचायत म्हणते आमचं नाही, संस्थेचे पदाधिकारी बदललेले. माझी आई आजही दोन किलोमीटरवरून जार आणते. पाटी मात्र जागेवर आहे.

तुमच्या बंधाऱ्याबद्दल आदर आहे. पण विचारतो, दुसऱ्या वर्षी कुणी आलं का? आणि परदेशी पोराच्या वर्षभराचा जो खर्च होतो त्यात आमच्या गावाचं काय झालं असतं, असंही मनात येतं. राग नाही, विचारतोय.

दगडफूल

माणदेशी, पदाधिकारी दर वर्षी बदलतात हे खरं दुखणं आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवा अध्यक्ष, नवे संकल्प. आधीच्याचं काम पुढे नेण्यापेक्षा स्वतःचं काही नवं करावं असा मोह होतो. आमच्या ओळखीतल्या एका क्लबाने यावर उपाय केला: देखभालीचे पैसे प्रकल्पाच्या खर्चातच धरायचे आणि गावातल्या दोन माणसांना दुरुस्ती शिकवल्याशिवाय उद्घाटन करायचं नाही. तेव्हापासून उद्घाटनं कमी झाली, चालू नळ वाढले.

निवृत्त सिस्टर

मी आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. एक्सचेंजचं मला माहीत नाही. 'दुसऱ्या वर्षी कुणी आलं का' हा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं.

पल्स पोलिओ १९९५ला सुरू झालं तेव्हापासून माझ्या प्रत्येक बूथवर रोटरीची माणसं होती. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बर्फाचा डबा, कुपीवरचं चिन्ह बघायचं: वर्तुळातला चौकोन बाहेरच्या रंगाइतका गडद झाला की ती कुपी बाद. ते लोक टोप्या, फलक, चहा-नाश्ता आणायचे, गाडी द्यायचे. बूथच्या दिवशी पाहुणे यायचे, फोटो निघायचे. खरं काम दुसऱ्या दिवसापासून. घरोघर फिरायचं, करंगळीवरची शाई बघायची, दारावर खडूने खूण करायची. राहिलेल्या घराला एक्सची खूण, तिथे परत जायचं. वीटभट्टी, ऊसतोडीची पालं, नंदीवाल्यांची वस्ती. एक औषध दुकानदार रोटेरियन होते, ते स्वतःची मोटारसायकल घेऊन माझ्याबरोबर पालांवर यायचे. एका पालावर बाईने हाकललं तर दुसऱ्या दिवशी तेच परत गेले, तिच्या सासऱ्याशी बोलत बसले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः पोराला पुढे केलं. असे ते सोळा-सतरा वर्षं आले. अध्यक्ष कितीतरी बदलले.

रोटरीने पोलिओचं काम हाती घेतलं १९८५ला. १९८८मध्ये जगात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं पोलिओने लुळी होत होती, १२५ देशांत. आपल्या देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११, हावड्याची मुलगी. २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या संध्याकाळी त्या दुकानदारांचा फोन आला. म्हणाले, 'सिस्टर, संपलं बरं का.' दोघंही पुढे काही बोललो नाही.

मी शाळेत असताना माझ्या वर्गात दोन मुलं कुबड्यांवर यायची. माझ्या नातवाच्या वर्गात एकही नाही. त्याला पोलिओ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं.

माणदेशी

सिस्टर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, खडूच्या खुणा आमच्याही दारावर होत्या.

राइनकाठ

माणदेशी, खर्चाबद्दल. एक्सचेंजचं तिकीट, विमा, व्हिसा मुलाचे आईवडील भरतात. राहणं-जेवणं घरच्यांचं, महिन्याचा थोडा हातखर्च यजमान क्लब देतो. म्हणजे गावाच्या प्रकल्पाचे पैसे वळवून मुलं फिरत नाहीत. उलट मुलांच्या ओळखीतून गावाकडे पैसे येऊ शकतात. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या अनुदानाला, दोन देशांतले क्लब एकत्र यावे लागतात, आणि किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर असतं. परदेशातल्या क्लबाने तुमच्या गावावर विश्वास का ठेवायचा? ओळख लागते. अशा ओळखी मुलांच्या येण्याजाण्यातून होतात. मी परत आल्यावर माझ्या जर्मनीतल्या क्लबाचे लोक जिल्ह्यात आले तेव्हा त्यांना शाळा दाखवायला मीच गेले होते. आधी गावाची गरज गावाकडूनच समजून घ्या, मग अर्ज करा, अशी अटही त्या ग्रँटला असते. पाटीआधी हे घडलं पाहिजे.

चिंचोके

एक बाजूचा प्रश्न. मुलगी एकटी पाठवायची म्हणून आमच्याकडे सासरे नको म्हणतात. आणि हे क्लब म्हणजे पुरुषांचेच असतात ना?

राइनकाठ

आता नाहीत. १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस आणि तीन मित्रांनी सुरू केलं तेव्हा फक्त पुरुष होते. पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात बसायचे म्हणून रोटरी. बायकांना घेण्यावरून अमेरिकेत खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९८७ला निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि १९८९ला नियमच बदलला. २०२२-२३ला पहिल्यांदा एक बाई, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, जागतिक अध्यक्ष झाल्या.

मुलीबद्दल: सासऱ्यांना क्लबाच्या मुलाखतीला सोबत न्या. त्यांनी हवे ते प्रश्न विचारावेत. माझ्या आजोबांनी विचारलं होतं, 'पोरीला ताप आला तर रात्री उठून कोण बघणार?' निघायच्या आधी त्यांना घरातल्या बाईंचं नाव, फोन आणि डॉक्टरचा पत्ता कागदावर लिहून मिळाला. तो कागद ते वर्षभर पाकिटात ठेवून होते.

निराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या घरात काल हा धागा मोठ्याने वाचला. यांचा विरोध बराच मावळलाय, विशेषतः राइनकाठ यांच्या नोव्हेंबरच्या परिच्छेदानंतर. मला वाटलं होतं ते वाचून घाबरतील. तर म्हणाले, इथे आपल्या पंखाखाली तिला कधी एकटं वाटणारच नाही, आणि मग सावरायला कधी शिकणार.

कागदपत्रांचं ज्यांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं त्यांच्यासाठी: वर्ष गेलं तर अकरावीच्या प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट लागतं, म्हणजे मधलं वर्ष का गेलं याचं प्रतिज्ञापत्र. परदेशी मूल घरी आलं की चोवीस तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाचा फॉर्म भरायचा (आधी याला फॉर्म सी म्हणायचे), आणि मोठ्या मुदतीचा व्हिसा असेल तर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. हे चुकवू नका.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर देते. दुसऱ्या वर्षी क्लबाचे फक्त पाच जण आले. पण गावाने पोती आधीच भरून ठेवली होती, कारण पहिल्या वर्षी ओढ्याच्या खालच्या दोन विहिरींना माघापर्यंत पाणी राहिलं होतं. तिसऱ्या वर्षी क्लबाला निरोप सुद्धा नव्हता, बंधारा घातल्यावर फोटो आला. तो मी ब्राझीलला पाठवला. त्याने मराठीत, रोमन अक्षरांत विचारलं, माती नीट चोपली का. रांगेच्या डाव्या बाजूने पाणी झिरपतंय असं त्याला फोटोत दिसलं होतं. गावात फोन करून सांगितलं, तर खरंच झिरपत होतं.

माणदेशी

आमच्याकडे ओढा आहे. माणसं पण आहेत, पंधरा तरी नक्की. कसं रचायचं ते कुणाला माहीत नाही. त्या गावातलं कुणी येईल का दाखवायला? क्लबाचा बॅनर आणलात तरी चालेल, नाही आणलात तरी चालेल.

निराकाठ

येतील. मी आजच विचारते. कोजागिरीनंतरचा दुसरा रविवार धरू या, तोवर धार बारीक झालेली असेल. साडेतीनशे पोती लागतील, फाटकी नकोत. चिकणमाती जवळपास कुठे मिळते ते आधी बघून ठेवा. सुतळी आणि दाभणं मी आणते, मुलगीपण येईल.